आरसे, मापाचे : निवड व निगा

आरसे, मापाचे : जागेचे व उपयोगाचे माप घेऊन, त्या मापाबरहुकूम कापून, काठ घासून व लागतील तेथे भोके पाडून तयार केलेल्या सपाट काचेच्या आरशांना ही संज्ञा लावतात. चौकटीसह तयार मिळणारे लहान आरसे, वाहनांचे आरसे तसेच दुर्बिणी व अन्य वैज्ञानिक उपकरणांतील आरसे यांचा विचार येथे केलेला नाही. घरात न्हाणीघर, हात धुण्याची जागा, कपाटाचे दार व प्रवेशाची खोली. तर व्यवसायात केशकर्तनालये, कापडाची व सराफी दुकाने, उपाहारगृहे, व्यायामशाळा, नृत्यशाळा, लिफ्ट इ. ठिकाणी असे आरसे बसवितात. सर्वसाधारण समज असा की, आरसा फुटला म्हणजे निकामी होतो. प्रत्यक्षात फुटणाऱ्या आरशांपेक्षा मागील चांदीचा थर काठाकडून काळा पडत गेल्यामुळे टाकून द्यावे लागणारे आरसे पुष्कळ अधिक असतात. हा थर किती वर्षे टिकेल, हे बव्हंशी आरसा कापला जातो व भिंतीवर बसविला जातो त्याच वेळी ठरते. म्हणून निवड, बसवणी व निगा या तीन बाबी परस्परांपासून वेगळ्या मानता येत नाहीत.

पूर्वपीठिका : आरसा हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ यापासून आला आहे. ऐना, दर्पण हे त्याचे पर्याय होत. अनातोलियातील चाताल ह्यूयूक येथे ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य नैसर्गिक काचेचे घासून गुळगुळीत केलेले आरसे सापडले असून ते सु. आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यानंतर ईजिप्त, चीन व सिंधू संस्कृतीच्या प्रदेशात तांबे व ब्राँझ यांचे आरसे प्रचारात आले. तांबे व कथिल यांच्या मिश्रधातूचे आरसे केरळातील आरन्मुळा येथे आजही ओततात. त्यांत परावर्तन पुढच्याच पृष्ठावरून होते, मध्ये काच नसते.

काचेमागे कथिलाचा वर्ख व पारा यांच्या संमिश्राचा थर देण्याची कृती व्हेनिसजवळील मुरानो बेटावरील कारागिरांनी सोळाव्या शतकात उत्तम प्रकारे साध्य केली. व्हर्साय येथील राजवाड्यातील १६८४ मध्ये पूर्ण झालेल्या आरसेमहालात अशा ३५७ आरशांची योजना आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यातही आरसेमहाल होता. १८२८ च्या आगीत वाड्यातील इमारतींबरोबर तो नष्ट झाला. या वैभवाची किंमत मात्र कारागिरांनी मोजली. पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाऊन हातांना कंप सुटणे, हिरड्या सुजणे व दात पडणे, स्वभाव भित्रा व चिडखोर होणे अशी लक्षणे त्यांच्यात दिसत. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी फ्यूर्त व एर्लांगेन येथील आरसे करणाऱ्या कामगारांच्या या व्याधीचे सविस्तर वर्णन १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. यूस्टुस फोन लीबिख या रसायनशास्त्रज्ञांना १८३५ मध्ये असे आढळले होते की, अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावावर आल्डिहाइडाची क्रिया केली असता काचेवर चांदीचा चकचकीत थर बसतो. १८५६ मध्ये त्यांनी या क्रियेवर आधारलेली व्यवहारोपयोगी पद्धत दिली. परंतु पाऱ्याचा आरसा स्वस्त पडत असल्याने तो मागे पडण्यास आणखी काही दशके जावी लागली. मराठीत आरसा खराब झाला की ‘पारा उडाला’ असे अजून म्हणतात. आजच्या आरशात पारा मुळीच नसतो. उडतो तो चांदीचा थर.

रचना : आजचा चांगला आरसा फ्लोट काचेवर करतात. वितळलेल्या कथिलाच्या पृष्ठावर काचरस तरंगत ठेवून काचपत्रा बनविण्याची ही पद्धत ॲलेस्टर पिल्किंग्टन यांनी विकसित केली व १९५९ मध्ये ती जाहीर झाली. भारतात १९९० नंतरच्या दशकात अशा काचेचे कारखाने निघाले. तत्पूर्वीच्या ओढून काढलेल्या काचपत्र्यात बारीक लहरी असत. जुन्या कपाटांच्या आरशात मान हलविताच चेहरा वाकडातिकडा होतो तो त्यामुळेच.

काच धुऊन तिच्यावर स्टॅनस क्लोराइडाचा संस्कार करतात. त्यानंतर चांदीचा थर बसवितात. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही थोडी कमी असते. त्यावर संरक्षणासाठी तांब्याचा पातळ थर व शेवटी रंगाचे एक किंवा दोन हात देतात. तांब्याचा थर गाळून अन्य रासायनिक संस्कार केलेले ‘तांबेविरहित’ आरसेही आता मिळतात. तांबे गंजत असल्याने दमट जागी असे आरसे अधिक उपयुक्त ठरतात. चांदी दृश्य प्रकाशापैकी सु. ९५% प्रकाश परावर्तित करते. निर्वातात ॲल्युमिनियमाचा लेप दिलेले आरसे स्वस्त असतात, ॲल्युमिनियम सु. ९०% परावर्तन करते व प्रतिमा किंचित करडी दिसते. भारतात सर्वसाधारण उपयोगाच्या चांदीच्या आरशांसाठी आयएस ३४३८ हे मानक आहे. मोठ्या कामासाठी मागणी नोंदविताना त्याचा उल्लेख करावा.

पाठीमागून पाहता रंगाचा थर अखंड दिसतो. काठावर मात्र काच, चांदी, तांबे व रंग हे चारही थर उघडे पडलेले असतात, आणि ओलावा शिरतो तो येथूनच. आरशाला पाडलेले प्रत्येक भोक हाही एक नवा काठच होय. चार स्क्रूंनी बसविलेल्या न्हाणीघरातील आरशाला पहिले काळे डाग स्क्रूंच्या टोप्यांभोवती पडतात, याचे कारण हे आहे.

निवड : काचेची जाडी आकारमानानुसार ठरवितात. चौकटीतील लहान आरशास ३ मिमी., कपाटाच्या दारास ४ मिमी. व भिंतीवरील मोठ्या आरशास ५ ते ६ मिमी. जाडी योग्य असते. पातळ काच मोठ्या आकारात वापरली, तर ती भिंतीच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकते व प्रतिमा विकृत होते. दुकानदार अशा वेळी काचेला दोष देतो, पण दोष जाडीच्या निवडीचा असतो. वजनाचा हिशेब सोपा आहे : दर चौ. मी. क्षेत्रास दर मिमी. जाडीमागे २.५ किग्रॅ. म्हणजे २ मी. लांब व १.२ मी. रुंद अशा ६ मिमी. जाडीच्या आरशाचे वजन ३६ किग्रॅ. भरते. ते पेलण्याची क्षमता भिंतीत, विशेषतः लाकडी किंवा जिप्समच्या आडभिंतीत, आहे किंवा नाही हे आधी पाहणे आवश्यक आहे.

सपाटपणाची परीक्षा दुकानातच करता येते. आरसा उभा ठेवून त्यात छतावरील नळीदिव्याचे प्रतिबिंब तिरकस कोनातून पाहावे व डोके हळूहळू सरकवावे. प्रतिबिंबाची रेषा तुटक वा नागमोडी झाल्यास तो पत्रा घेऊ नये. साध्या काचेत लोहाच्या अंशामुळे हिरवट छटा असते व ती जाडीबरोबर वाढते. घरात ती जाणवत नाही. परंतु पैठणीचा रंग किंवा सोन्याची झाक ग्राहकाला खरी दिसावी अशी अपेक्षा असलेल्या दुकानात कमी लोहाच्या काचेचा आरसा घेणे योग्य. त्याहूनही दिव्यांची निवड महत्त्वाची. प्रकाश आरशावर नव्हे, तर आरशासमोरील व्यक्तीवर, शक्यतो दोन्ही बाजूंनी पडला पाहिजे. केवळ डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावली पडते व त्याचे खापर आरशावर फुटते.

उंचीविषयी लोकांत गैरसमज आहेत. संपूर्ण शरीर दिसण्यासाठी शरीराएवढा आरसा लागत नाही; उंचीच्या निम्मा पुरतो. मागे सरकल्याने अधिक भाग दिसतो ही कल्पनाही सपाट व उभ्या आरशाच्या बाबतीत चूक आहे. आरशाचा खालचा काठ डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर आणि वरचा काठ डोळे व माथा यांच्या मधोमध असला म्हणजे झाले. घरातील सर्वांत बुटकी व्यक्ती १५० सेंमी. (डोळे १४० सेंमी. वर) आणि सर्वांत उंच व्यक्ती १८० सेंमी. (डोळे सु. १६९ सेंमी. वर) असेल, तर खालचा काठ जमिनीपासून ७० सेंमी. व वरचा सु. १७५ सेंमी. उंचीवर यावा, म्हणजे १०५ सेंमी. लांबीचा आरसा दोघांनाही पुरेल. मीटरभर उंचीच्या मुलासाठी मात्र खालचा काठ ४५ सेंमी. पर्यंत उतरवावा लागतो. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या आरशांचा खर्च बहुतेक घरांत अनाठायी असतो, शिवाय लादी पुसताना पाणी त्यांच्याच काठाला लागते.

काठांवर मात्र काटकसर करू नये. हिरकणीने कापलेल्या काचेच्या काठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा राहतात व पुढे त्यांतूनच तडा जातो. म्हणून काठ घासून त्यांवर झिलई करून घ्यावी. घासताना वापरलेले पाणी लगेच धुऊन व पुसून काढलेले असावे आणि त्यानंतर काठावर संरक्षक लेप द्यावा. कारागीर हा लेप सांगितल्याशिवाय सहसा देत नाहीत, आणि त्याचा खर्च आरशाच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. तिरपे तासलेले (बेव्हल) काठ शोभिवंत असले, तरी त्यांची कड पातळ असल्याने टवके लवकर उडतात. वीजबटनांसाठी चौकोनी खाच पाडावयाची असल्यास तिचे आतले कोपरे गोलाकार ठेवावे. काटकोनी कोपऱ्यातून काच हमखास तडकते. भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून दोन भिंतींमध्ये बसवावयाच्या आरशाचे माप वर, मध्ये व खाली असे तीन ठिकाणी घेऊन त्यांपैकी सर्वांत लहान माप धरावे व त्यातून सु. ३ मिमी. वजा करावे. वेड्यावाकड्या जागेसाठी पुठ्ठ्याचा साचा कापून कारखान्यात द्यावा.

सुरक्षितता : साधी काच फुटली की तिचे लांब, धारदार तुकडे होतात. पलंगाच्या उशाशी, मुलांच्या खोलीत, व्यायामशाळेत, लिफ्टमध्ये व ओल्या जमिनीजवळ बसवावयाच्या आरशामागे चिकट सुरक्षापटल लावून घ्यावे. काच फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. कठिणीकृत (टफन्ड) काचेचे बोथट बारीक कण होतात. मात्र तिच्यावर चांदीचा थर कठिणीकरणानंतरच द्यावा लागतो, कारण त्या क्रियेसाठी काच ६०० से. हून अधिक तापवितात. अशा आरशात किंचित लहरी राहतात आणि तो नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप चुकल्यास संपूर्ण आरसा वाया जातो. ॲक्रिलिकचे आरसे वजनाने काचेच्या निम्म्याहून कमी असतात व सहसा फुटत नाहीत, परंतु त्यांवर लवकर ओरखडे पडतात. व्यायामशाळेत आरशाचा खालचा काठ जमिनीपासून सु. ४५ ते ५० सेंमी. वर ठेवावा, म्हणजे घरंगळणारी वजने त्यावर आदळत नाहीत. आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या मार्गावर किंवा दारावर आरसा लावू नये. धुरात दिशाभूल होऊन जीवितहानी होऊ शकते. चेहरा मोठा दाखविणारा अंतर्वक्र आरसा खिडकीच्या उन्हात ठेवल्यास तो किरण एकत्रित करतो व पडद्याला आग लागू शकते.

कपडे बदलून पाहण्याच्या खोलीतील आरसा एकतर्फी तर नाही ना, ही शंका अनेकींच्या मनात असते. बोटाचे नख आरशाला टेकवून नख व प्रतिमा यांत अंतर दिसते का, ते पाहण्याची युक्ती सांगितली जाते. साध्या आरशात हे अंतर काचेच्या जाडीच्या सु. सव्वा ते दीड पट दिसते, कारण परावर्तन मागच्या पृष्ठावरून होते. पण एकतर्फी काचेचा लेपही मागच्या बाजूला असू शकतो, म्हणून ही कसोटी भरवशाची नाही. अशी काच पलीकडची खोली अंधारी असेल तरच काम करते. तेव्हा खोलीतील दिवा शक्य तर मालवून, भ्रमणध्वनीचा दिवा काचेला चिकटवून धरावा व दोन्ही तळहातांच्या आडोशातून आत पाहावे. पलीकडे पोकळी दिसल्यास शंकेला जागा आहे.

बसविणे : नव्या गिलाव्यातील ओलावा व अल्कता रंगाच्या थराला घातक असतात, म्हणून भिंत पूर्ण सुकल्याशिवाय आरसा लावू नये. पावसाळ्यात ज्या बाहेरच्या भिंतीला ओल येते ती तर टाळावीच. कोकणपट्टी, मुंबई व गोवा येथील हवेत ओलावा व क्षार दोन्ही असतात. तेथे निष्काळजीपणे बसविलेल्या आरशाचे काठ देशावरच्या मानाने फार लवकर काळे पडतात. आरसा भिंतीला सपाट चिकटवून बसविल्यास मधल्या अरुंद फटीत केशाकर्षणाने पाणी चढते व तेथेच राहते. त्यामुळे आरसा व भिंत यांत निदान ३ मिमी. अंतर ठेवून वर व खाली हवा खेळू द्यावी. हात धुण्याच्या भांड्यावरील आरसा ओट्याच्या दगडाला टेकवू नये. खाली दोन-तीन बोटे जागा सोडावी. खालच्या धातूच्या पट्टीत पाणी साचत असेल, तर तिला निचऱ्याची भोके असावीत व आरसा लहान ठोकळ्यांवर टेकलेला असावा.

चिकटविण्यासाठी सिलिकोन वापरताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. सिलिकोनाच्या काही प्रकारांना सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो ॲसिटिक अम्लाचा असून ते रंगाखालील तांबे व चांदी खाते. काही महिन्यांनी समोरच्या बाजूने लेपाच्या रेघांच्या आकाराचेच डाग उमटतात. आरशासाठी ‘न्यूट्रल’ असे लिहिलेलेच सिलिकोन घ्यावे व ते उभ्या पट्ट्यांत लावावे, म्हणजे ओलावा खाली उतरतो. मोठ्या आरशाला केवळ लेपावर न सोडता पट्टीचा किंवा पकडीचा आधार द्यावा. स्क्रू वापरल्यास काच व धातू यांमध्ये प्लॅस्टिकची चकती घालावी व स्क्रू हातानेच, बेताने आवळावा. आरसा नेहमी उभाच वाहून न्यावा व उभाच ठेवावा. आडवा धरलेला मोठा पत्रा स्वतःच्या वजनानेच मोडतो.

निगा : रोजच्या सफाईला स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले मऊ फडके व पाठोपाठ कोरडे फडके पुरेसे असते. द्रव कोणताही असो, तो फडक्यावर घ्यावा, आरशावर फवारू नये. फवारलेला द्रव ओघळून खालच्या काठात शिरतो. पुसून झाल्यावर चारही काठ, विशेषतः खालचा, कोरडा करावा. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव व न्हाणीघराची फरशी धुण्याची अम्ले आरशाच्या आसपास नकोत. अमोनिया व अम्ल दोन्ही काचेला काही करीत नाहीत, पण काठातून आत जाऊन धातूचे थर नष्ट करतात. राख, खडूची भुकटी यांत वाळूचे कण असल्यास ओरखडे पडतात. विंधणविहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने जातात. ते फक्त मधल्या भागात, फडक्याने लावून लगेच पुसावे. आरशाला लावून ठेवलेल्या टिकल्यांचा डिंक पात्याने खरवडण्याऐवजी थोडे खोबरेल चोळून मऊ करावा.

न्हाणीघरात स्नानानंतर खिडकी उघडणे किंवा पंखा चालू ठेवणे ही सर्वांत स्वस्त निगा होय. क्वचित वापरातील न्हाणीघराच्या मोरीचा सापळा सुकून गटारातील हायड्रोजन सल्फाइड वायू आत येतो व चांदीचे काळे सल्फाइड बनते. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या खोलीतला आरसा वापर नसूनही काळवंडतो, त्यामागे हे कारण असू शकते. मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे. केशकर्तनालयांत केस रंगविण्याच्या द्रव्यांतील अमोनिया व पाण्याचे फवारे यांमुळे ओट्यालगतचा काठ प्रथम जातो, तेव्हा तो दिवसातून एकदा कोरडा करणे हा नियमच असावा. उपाहारगृहांत तेलकट धुराचे पुट कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घालून काढतात. मुंबईच्या जुन्या इराणी उपाहारगृहांत भिंतीभर आरसे असत. त्यांनी जागा मोठी भासे व गल्ल्यावरून सर्वत्र नजर ठेवता येई. त्यांतील कित्येक जाड चौकटींत, भिंतीपासून थोडे सुटे टांगलेले असत. मागून हवा खेळती ठेवणारी ही जुनी रीत, चिकटवून बसविण्याच्या आजच्या पद्धतीपेक्षा आरशाच्या दृष्टीने अधिक हितकर आहे.

काठ काळा पडू लागल्यावर तो थांबविता येतो, पूर्ववत करता येत नाही. ओलाव्याचे मूळ बंद करावे आणि डाग अरुंद असल्यास त्यावर पट्टी किंवा चौकट बसवावी, अथवा आरसा उतरवून तेवढा भाग कापून टाकावा व नव्या काठावर लेप द्यावा. काच मौल्यवान किंवा जुनी असेल, तर जुना थर काढून पुन्हा चांदी चढविता येते. फुटका आरसा घरात ठेवू नये या समजुतीमागे शकुनापेक्षा व्यवहाराचा भाग अधिक आहे : तडा गेलेला मोठा पत्रा स्वतःच्या वजनाने केव्हाही सुटतो. तुकडे जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून वेगळे द्यावेत, अन्यथा कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात.

जुने वाडे, गोव्यातील जुनी घरे व चर्चच्या वस्तू यांत पाऱ्याचे आरसे अजून आढळतात. त्यांची प्रतिमा किंचित निळसर-करडी दिसते व मागील थरात चकाकणारे कण असतात. अशा आरशातील पारा हळूहळू सुटून चौकटीच्या तळाशी थेंबांच्या रूपाने साचतो. असा आरसा आडवा करू नये, दिव्याजवळ वा उन्हात ठेवू नये, त्याची पाठ खरवडू नये. थेंब दिसल्यास केरसुणी किंवा धूळशोषक यंत्र फिरवू नये, कारण त्यामुळे पारा हवेत पसरतो. खोलीच्या खिडक्या उघडून मुलांना दूर ठेवावे, थेंब कागदाच्या कडेने घट्ट झाकणाच्या बाटलीत गोळा करावेत व आरसा वस्तुसंग्रहालयातील जाणकारांच्या सल्ल्याशिवाय उघडू नये.